पाय वर हुता की माझा

…आन् वर मलाच म्हणत्यात, पाय दाबून धरलास. आता तुम्हीच सांगा, कशाला दाबून धरू? फुडं चिमणाबाईचं गुलालाचं दुकान, दुकानाफुडं हवालदार उभा, आन् मी काय खुळा हाय व्हय, तिथं जाऊन पाय दाबाय? पाय वर हुता की माझा. बसा पावणं, बसा निवांत, अजून शिटा भरायच्यात, त्याबिगर गाडी हलत न्हाय, तवर ऐकून तर घ्या. तुम्ही परगावचं, म्हणून तुमास्नी सांगतो, गावातल्या माणसाला सांगायची चोरी झाल्या. हितं प्रत्येकाला म्हाईत हाय आन् प्रत्येकजण म्हणतोय, जाऊ दे शमूभाई, झालं ते झालं. ज्येचं काय गेलं न्हाय त्येला झालं ते झालं म्हणाय काय जातंय?

मी शमशुद्दीन. स्टँडवर शमूभाई म्हणत्यात. ह्या जोतिबाच्या रस्त्यावर जीप चालवण्यात निम्मा जन्म गेला, पर लायसनावर डाग न्हवता. कोंबडी म्हणून मारली न्हाय मी गाडीखाली. एकदा गारगोटीच्या बाजारादिवशी एक शेरडी आडवी आली, तर मी भरलेली गाडी उसात घातली, पर तिला धक्का लावला न्हाय. आन् शेरडीचा मालक माझ्याशीच भांडाय लागला. म्हणला, शेरडी भ्याली, आता दूध चोरत्या, त्येचं काय? म्हणजे तवाबी माझीच चूक. जाऊ दे, ते न्हवं सांगत.

आता तुम्ही म्हणशीला, शमूभाई, पाय वर हुता तर गाडी पळाली कशी? बरोबर हाय, हेच गाडी तपासाय आलेल्या सायबानं बी इच्यारलं. तर त्येचं असं हाय बघा. पाय दाबला की खालची सळी हालत्या, सळी इंजानाच्या तोंडातली झडप उघडत्या, पेट्रोल आत जातंय, गाडी पळत्या. पाय काढला की झडप मिटाय पायजे. पर ती मिटंल कशी? झडपंला काय अक्कल हाय का, शमूभाईनं पाय काढला, आता आपण मिटावं म्हणून? तिला मागं वढाय एक इस्प्रिंग असत्या. ती तुटली की झडप तशीच आ वासून ऱ्हात्या. आमी म्हणतो, रेस अडकली. म्हणजे पाय तुमचा वर, आन् गाडी समजत्या तुम्ही अजून दाबालायसा. आमच्या अंबादासशेठागत. आपण सोडलेली गोष्ट त्येंच्या डोक्यात तशीच चालू ऱ्हात्या.

अंबादासशेठ म्हणजे गाडीचं मालक. कापडाचं दुकान हाय त्येंचं, जीप हाय ती भाड्यावर, मी चालवायचो. आन् यज्ञेश्वर सायेब म्हणजे गाड्या पास करणारं इन्स्पेक्टर. पुण्याकडचं माणूस, बोलणं एकदम शुद्ध. दर साली पासिंगला गाडी न्हेली की बॉनेट उघडून, हात मागं बांधून, शाळंत सांगावं तसं सांगायचं. "हे पाहा, पाय काढला की इंजिनानं आपोआप शांत झालं पाहिजे. एखादा भाग तुटला, निखळला, तरीसुद्धा झालं पाहिजे. म्हणून ओढ दोन ठिकाणांहून हवी. एक गेली तर दुसरीनं सांभाळायचं." म्हणजे दोन इस्प्रिंगा पायजेत. दोन. एक तुटली तर दुसरी हाय.

नियम लई गुणाचा हाय, मी नावं न्हाय ठेवणार. कुणीतरी शान्या माणसानं, गार सावलीला बसून, लई इचार करून केलेला हाय. एक तुटली तर काय, ह्येचा त्येनं इचार केला. पर मुळात एकबी नसली तर काय, ह्येचा केला न्हाय. कारण त्यो बाबा कधी कोल्लापूरच्या जीपस्टँडवर आलेला न्हाय.

आमच्या जीपला इस्प्रिंग कवाच गेली हुती. तिच्या जागी काय हुतं म्हणता? सायकलच्या ट्यूबची पट्टी. कातरीनं कापायची, दोन गाठी मारायच्या, झालं. हासू नगा, तुमच्या गावाकडच्या गाड्यांचं बॉनेट उघडून बघा जावा. पट्टी वढत्या की, झ्याक वढत्या. पर रबार ते रबार. इंजानाच्या धगीला मऊ पडतंय, थंडीत ताठ हुतंय, आन् एक दिवस काय न सांगता तुटतंय. मी शेठास्नी सांगायचो, शेठ, इस्प्रिंग घ्या की. शेठ कापड मोजत मोजत म्हणायचं, "गाडी पळत्या न्हवं?" मी म्हणायचो, पळत्या शेठ, पळायचं काय अडत न्हाय तिचं, थांबायचा वांदा हाय. "मग बघू की, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली की "शिमगा होऊ दे." आवं, सणाचा आन् इस्प्रिंगचा काय संबंध? तिला काय नवं लुगडं घ्यायचं हाय?

आता तुम्ही हुशार माणसं, तुमच्या डोक्यात आलं असंल, मग दर साली गाडी पास कशी हुती? तर हितंच खरी गंमत हाय. जरा हिकडं सरका, मोठ्यानं बोलायची गोष्ट न्हवं.

आमच्या स्टँडवर एक जोडी हाय. पासिंगची जोडी. दोन इस्प्रिंगा, एक जाड, एक बारीक, आमी तिला थोरली आन् धाकटी म्हणतो. हे बाळासो हायत बघा, त्या पानाच्या टपरीला टेकून उभं हायत ते, आमच्या स्टँडचं अध्यक्ष, त्येंनी कुठनंतरी मागवून आणलेली अस्सल चीज. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ग्रीस लावलेल्या फडक्यात. एरवी तिला कोण हात लावत न्हाय. हात लावायची टाप न्हाय. पासिंगचा दिवस आला की डबा बाहीर. गाड्या वळीनं उभ्या. पयल्या गाडीला जोडी घालायची, सायबानं बघायचं, सायेब पाय दाबणार, सोडणार, झडप टक्कदिशी मिटणार, सायेब म्हणणार "छान". गाडी पास. ती गाडी फुडं जाऊन चिंचंच्या झाडामागं थांबणार, तिथं जोडी काढायची, पळत येऊन वळीतल्या दुसऱ्या गाडीला घालायची. तवर त्या गाडीचा ड्रायव्हर सायबाला मागं न्हेऊन दिवं, नंबरपाटी दाखवत वेळ काढणार. आवं, लग्नात आहेराचं एकच पातळ सगळ्या पावण्या बायकांच्या हातनं फिरतंय का न्हाय, तसं. आख्खं स्टँड एका जोडीवर पास. गाड्या पास होत न्हवत्या पावणं, दर साली ती जोडीच पास व्हायची.

आन् सांगतो, ह्यात कुणाला पाप वाटत न्हवतं. मलाबी न्हाय. उलट आमी त्या डब्याला दसऱ्याला फूल वाह्यचो.

बरं, आता माझ्या कपाळात काय हुतं बघा. आणीबाणी उठली, त्येच्या फुडल्या सालचा शिमगा. मला एका साखर कारखान्यात ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हरची जागा लागल्याली. कायमची. पाडव्याला हजर व्हायचं. त्येंनी काय इच्यारलं न्हाय, शिक्षाण न्हाय, वशिला न्हाय, नुसतं म्हणलं, "लायसन दाखव." मी दाखवलं. कोरं करकरीत. त्या सायबानं उलटून पालटून बघितलं आन् म्हणला, "असला माणूस पायजे आजाऱ्याच्या गाडीवर." मला रडू आलं, खरं सांगतो. निम्मा जन्म ज्या कागदावर डाग पडू दिला न्हाय, त्येची कुणीतरी पयल्यांदा किंमत केली. आन् ती गाडी मी वाकून बघितली, पावणं. आत दोन इस्प्रिंगा. दोन. सोताच्या. मी घरी जाऊन हाफिजाला, म्हणजे माझ्या बायकूला, सगळ्यात पयलं तेच सांगितलं. ती म्हणली, लोक पगार सांगत्यात, तुम्ही इस्प्रिंग सांगालायसा.

आन् पाडव्याच्या अल्याड आला रविवार. जोतिबाचा वार. जीप भरल्याली, माणसं टपावर, माणसं मागं लोंबकळत, शेवटची चढ. चढाला पाय दाबायला लागतोयच, दाबला. चढ सपली, सपाट आली, दुकानं लागली, मी पाय काढला. काढला म्हणजे काढला. आन् गाडी काय हळू होईना. उलट नेट धरला तिनं. मला कळलं, पट्टी तुटली. मी क्लच दाबला, तर इंजान असं बोंबललं की जणू त्येच्या घरावर दरोडा पडलाय. ब्रेकवर उभा ऱ्हायलो, दोन्ही पाय आवळून, सीटवरनं उठून. ब्रेक बी शेठांचंच, म्हणजे काय असंल ते समजून घ्या. आन् मागं माणसं काय करत्यात? त्येंस्नी वाटलं शमूभाईला आज भक्तीचा जोर आलाय. "चांगभलं! चांगभलं!" म्हणून वरडालीत. मी हिकडं किल्ली हुडकालोय आन् ही चांगभलं करालीत. किल्ली घावली, फिरवली, इंजान गप झालं, आन् गाडी फुस्सदिशी चिमणाबाईच्या गुलालाच्या पोत्यांत जाऊन बसली.

कुणाला खरचटलं न्हाय. एका माणसाला न्हाय, एका कुत्र्याला न्हाय. नुसता गुलाल. आभाळापातूर गुलाल. चिमणाबाई तर मला वर्सानुवर्सं वळखत्या, ती म्हणाली, "भावा, तुला लागलं न्हाय न्हवं? मग ऱ्हाऊं दे, गुलाल काय, झाडून भरता येतोय." तिथंच मिटलं असतं. पर त्याच टायमाला तिच्या दुकानाम्होरं एक हवालदार खोबऱ्याची वाटी इकत घेत उभा हुता. ढगातनं त्यो बाहीर आला तवा टोपी गुलाबी, मिशा गुलाबी, खोबरं गुलाबी. लोक हासलं. आता लोकच हासलं, मी हासलो न्हाय. पर पोलीस एकदा हासण्यावारी गेला की केस झाल्याबिगर ऱ्हात न्हाय. तिथंच पंचनामा. घरी गेलो तर हाफिजा दारात. मला खालपासनं वरपातूर बघून म्हणत्या, "यल्ला, कौनशे इलेक्शनमें उबे थे जी?" मी म्हणलं, उभा हुतो, पर पडलो.

तरी मी घाबरलो न्हवतो, बरं का. कारण तुटल्याली पट्टी माझ्या खिशात हुती. तिथल्या तिथं काढून घेतल्याली. दोन तुकडं. गाडी रातीच वढून स्टँडवर आणल्याली, आन् दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वर सायेब सोता ती बघाय येणार हुतं. मी म्हणलं येऊ दे. बॉनेट उघडतील, इस्प्रिंग न्हाय दिसंल, मी पट्टी दाखवीन, सांगीन, सायेब, हे बघा, मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं. दोष कुणाचा ते लख्ख हाय. पाय वर हुता की माझा.

सकाळी स्टँडवर आलो, तर बाळासो हासत हासत फुडं आलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणलं, "शमूभाई, काय काळजी करायची न्हाय. सायेब गाडी बघाय येणार कळलं, तवाच जोडी घालून टाकली."

आवं, काय म्हणायचं सांगा तुम्ही? वाईट मनानं केलं असतं तर नरडं धरलं असतं. पर माणूस मायेनं करतोय. इतक्या वर्सांची हाताची सवय. सायेब येणार म्हणलं की डबा उघडायचा. सायेब कशाला येणार, ह्येचा इचार कोण करतंय? मी म्हणलं, बाळासो, काढा, आधी काढा ती जोडी, मी मरतोय हितं. बाळासो म्हणलं, "का? बसली न्हाय व्हय नीट? मी सोता बसवल्या." तवर सायबाची गाडी आलीच.

सायबानं बॉनेट उघडलं. गुलालानं माखल्यालं सगळं इंजान, आन् त्यात मदोमद ह्या दोघी जावा, थोरली आन् धाकटी, ग्रीस लावून, चकचकीत. सायबानं पाय दाबला, सोडला. टक्क. परत दाबला, सोडला. टक्क. इतक्या गुणाचा आवाज, की माझ्या हाडातनं गेला. मग हात मागं बांधलं आन् शाळा सुरू. "शमशुद्दीन, इथं दोन स्प्रिंगा आहेत. दोन्ही शाबूत. एक तुटली असती तरी दुसरीनं इंजिन मंद केलं असतं, नियम त्यासाठीच आहे. म्हणजे रेस अडकूच शकत नाही. अडकू शकत नाही, म्हणजे अडकली नाही. अडकली नाही, म्हणजे तुमचा पाय खाली होता."

बघा. बघा काय हिशोब. चिमणाबाई मुद्दाम डोंगर उतरून साक्षीला आल्याली, ती म्हणाली, "सायेब, मी डोळ्यांनी बघितलं, त्यो ब्रेकवर उभा हुता." सायेब म्हणलं, "बाई, चालत्या गाडीतला पाय तुम्हाला बाहेरून कसा दिसेल?" ती म्हणली, "सायेब, जीपला दार कुठाय?" सायबानं वळून बघितलं, दार न्हवतंच. पर नियमाला दार असतंय पावणं, ते मिटलं की मिटलं. "नियमाप्रमाणं ते शक्य नाही," म्हणलं.

माझा हात खिशात हुता. पट्टीचं दोन तुकडं मुठीत. नुसतं भाईर काढायचं हुतं. पर मी काढलं तर सायेब इच्यारणार, मग ह्या इस्प्रिंगा कुठल्या? आन् तिथनं धागा सुटला की आख्खं स्टँड उसवलं. सगळ्या गाड्या जप्त. मी वर बघितलं, तर सगळी उभी. बाळासो, त्येंच्या मागं सगळं ड्रायव्हर, कुणाची पोरगी लग्नाला आल्याली, कुणाची बायकू दवाखान्यात. आता कळलं हुतं त्येंस्नी, काय करून बसलोय ते. सगळी नुसती बघत हुती माझ्या खिशाकडं.

आन् आणखी एक सांगतो, हे मी कुणालाच सांगितलं न्हाय. सायेब वाकून बघता बघता एकदम थांबलं. थोरलीच्या आकड्याला एक चीर हाय, कवातरी पक्कड लागल्याली. सायबानं त्या चिरीवर बोट ठेवलं. इतक्या वर्सांत, इतक्या गाड्यांत, तीच चीर त्येंनी किती येळा बघितली असंल? सायबानं माझ्याकडं बघितलं, मी सायबाकडं बघितलं, आन् मग आमी दोघांनी मिळून इस्प्रिंगकडं बघितलं. वळखली, पावणं. त्येंनी तिला वळखली. मला वाटलं, आता बोलतील. पर बोललं तर काय बोलणार? की मी दर साली गाड्या न्हाय, एक इस्प्रिंग पास करतोय? त्येंनी बॉनेट हळूच लावलं. रुमालानं बोट पुसलं. आन् लिव्हलं, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा.

मी खिशातनं हात तसाच रिकामा काढला.

लायसन गेलं. परत मिळंल म्हणत्यात, कवातरी, पर डागासकट. कारखान्यात गेलो सांगाय, त्यो सायेब बी भला माणूस, हळहळला. म्हणला, "शमूभाई, आजाऱ्याच्या गाडीवर निष्काळजी माणूस कसा घेऊ, तुम्हीच सांगा?" आता मी काय सांगू? बरोबर हाय त्येंचं. सगळ्यांचंच बरोबर हाय ह्यात. शेठांचं बरोबर हाय, गाडी पळत हुती. सायबाचं बरोबर हाय, नियम तसाच हाय. बाळासोचं बरोबर हाय, माया केली. चूक ती एकट्या माझ्या पायाची, आन् त्यो तर वर हुता.

स्टँडवाल्यांनी मला टाकलं न्हाय, खोटं कशाला बोलू. सगळी बसली, बाळासोंनी डोळ्याला पाणी आणलं, म्हणलं, "शमूभाईनं आख्खं स्टँड वाचवलं, त्येचा मान ठेवला पायजे." मला वाटलं, आता सगळं मिळून प्रत्येक गाडीला इस्प्रिंगा घेत्यात काय की. मान काय दिला म्हाईत हाय? त्यो डबा माझ्या हवाली केला. आता मी डब्याचा मालक. ईळभर हितं बसून जोतिबा जोतिबा वरडून शिटा भरायच्या, आन् पासिंगच्या दिवशी चिंचंच्या झाडामागं डबा घिऊन बसायचं. परवाच झालं पासिंग. यज्ञेश्वर सायबानं पाय दाबला, सोडला, टक्क. "छान," म्हणलं. पर आता थोरलीकडं बघत न्हाईत ते. आभाळाकडं बघून पाय दाबत्यात.

ह्या, भरली वाटतं गाडी. सरकून बसा, म्हाताऱ्याला टेकाय जागा द्या. काय म्हणता? व्हय, हीच ती जीप. अंबादासशेठांचीच. कोपऱ्यात गुलाल अजून हाय बघा, धुऊन जात न्हाय. आवं, उतरता कशाला? बसा की. नवा ड्रायव्हर हाय, रशीद, हुशार पोरगा हाय, आन् पट्टी बी नवी हाय, मी सोताच्या हातानं कापून घातल्या आज सकाळी. शेठ म्हणलं, इस्प्रिंगचं दिवाळीला बघू.

आन् मला काय इच्यारता, शमूभाई, तुमचं काय? माझं काय न्हाय पावणं. ह्या सगळ्या स्टँडवर गाड्या हायत, इस्प्रिंग कुणाकडं न्हाय. इस्प्रिंग हाय ती एकट्या माझ्याकडं, थोरली आन् धाकटी दोघीबी, ह्या डब्यात, आन् गाडी न्हाय. पाय मात्र वरच हाय माझा. आता तर सायबाला बी नाव ठेवाय जागा न्हाय, खाली दाबाय काय ऱ्हायलंच न्हाय न्हवं.